आधी खिडकी, मगे चाय

मालवणच्या आमच्या घरी तो दर तीन महिन्यांनी यायचा. कॉलेजच्या प्रयोगशाळेतला माणूस. जमिनीतून घरात शिरणारा रेडॉन वायू मोजायला त्याने माजघरात एक डबी टांगली होती. आला की चप्पल काढून थेट खिडकीकडे.

"काकी, त्या वायूक वास नाय, रंग नाय. बंद घरात साठता, छातीत जाता. आधी खिडकी, मगे चाय."

"मांजर आत येता रे! बांगडो उचलता!" आई चिडायची.

एकदा चतुर्थीच्या साफसफाईत आईने ती डबी आतल्या फिल्मसकट राखेने लख्ख घासली आणि उन्हात वाळत घातली. तीन महिन्यांचं मोजमाप गेलं. आता हा ओरडणार, असं मला वाटलं. त्याने डबी हातात फिरवली.

"बरी घासलास, काकी."

नवी डबी टांगली. मग पिशवीतून बारीक जाळी काढली आणि स्वतःच खिडकीला ठोकली. ती त्याने घरूनच आणली होती.

पुढे कधीतरी तो यायचा थांबला.

परवा आई सावंतवाडीला माझ्या सासरी आली. सासूबाई खुर्ची पुढे करत होत्या आणि आई उभ्यानेच विचारत होती, "विहीणबाई, ह्या खिडकेची कडी खंय आसा?"