मधल्या फुलदाणीची रेघ

आमच्या बारामतीच्या घरात बाहेरच्या खोलीतल्या फळीवर तीन फुलदाण्या आहेत. लेकीनं स्वतः घडवलेल्या, स्टोनवेअरच्या. म्हणजे लोणच्याच्या बरणीच्या शिकलेल्या बहिणी म्हणा. पुण्यात दोन वर्षं चाकावर राबल्यावर भट्टीतून धड बाहेर आलेले हे तिचे पहिले नग. "बाबा, आता कुठं जमायला लागलंय," म्हणत तिनं त्या माझ्या हवाली केल्या. आठव्या दिवशी फळी पुसताना मी मधलीला कोपर मारलं.

फुटली नाही. केसाएवढी रेघ गेली. मी रेघ भिंतीकडे फिरवली, तिन्हींत उसाचे तुरे खोचले आणि घरभर गुणगुणत हिंडलो. एरवी मी गुणगुणत नाही.

रविवारी लेक येणार होती. शनिवारी निरोप आला, वरकुट्याचे तात्याही येतायत. तात्या म्हणजे बायकोचे चुलते. आमच्याकडे मडकं घेताना बोटाच्या पेरानं वाजवून बघतात. ठणठण वाजलं तर पक्कं, बद्द वाजलं तर चिरलेलं. तात्या तर दुसऱ्याच्या मांडवातला माठही वाजवून येतात.

रात्रभर तळमळलो आणि सकाळी अक्कल सुचली. भरलेलं भांडं कुठं वाजतं? मधलीत गळ्यापर्यंत ज्वारी ओतली. एकच भरली तर संशय येईल, म्हणून तिन्ही भरल्या. वर तुरे. वा रे मी!

लेकीपाठोपाठ तात्या आले, पाणी प्यायले आणि थेट फळीकडे गेले. टक. कान लावला. पुन्हा टक. मग दुसरी, मग तिसरी.

"बाय, रागवू नगंस," ते लेकीला म्हणाले, "पर तिन्ही बद्द हायती. भाजणीतच चुकलंय कायतरी."

"तिन्ही?" तिचा आवाज एवढासा झाला. "मला वाटलं होतं, जमलं."

मी एवढं सगळं धरलं होतं हिशेबात, तिचा चेहरा तेवढा राहिला होता. पुढं होऊन मी पहिली फुलदाणी उपडी केली. ज्वारी सगळ्या फरशीवर सांडली.

"पाव्हणं, ही फुलदाणी हाय का कणगी?" तात्या ओरडले.

"आता वाजवा, तात्या."

ठण्ण! तिसरीही रिकामी केली. ठण्ण! मग मधली उपडी केली.

"ही नका वाजवू. ही माझ्यामुळं चिरली. कोपर लागलं."

लेकीनं मधली हातात घेतली, रेघेवरून नख फिरवलं. मी शिव्यांची वाट बघत उभा.

"तात्या," ती म्हणाली, "त्या दोन्ही परत एकदा वाजवा."

त्यांनी वाजवल्या. तिनं डोळे मिटून ऐकलं. मग मधली फळीवर ठेवली, रेघ खोलीकडे करून.

"आता आल्यागेल्याला तुम्हीच सांगायचं, बाबा, ही कशानं गेली."

स्वयंपाकघरातून बायको आली. फरशीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि सूप आणून माझ्या हातात दिलं.