बापाचा पार्ट पोपटला दिला

मित्रांनो, आज दुपारपासून कामात लक्ष न्हाई, म्हणून लिहितोय. चुका सांभाळून घ्या.

घाटनांदूरजवळच्या आमच्या गावात दरवर्षी जत्रेला हुंड्यावरचं सामाजिक नाटक असतं. आमच्यातल्या निम्म्यांना नीट वाचता येत न्हाई, म्हणून नाटक बसवणारे नाना वहीतून मोठ्यानं वाचतात आणि आमी ऐकून पाठ करतो. वाचनाला जो हजर, पार्ट त्याचा.

नवरीच्या बापाचा पार्ट चार वर्षं माझाच होता. यंदा मी सुरतेला गोदामात हाय.

आज वाचनाला बसल्यावर नानांनी फोन लावला. "येतूस का रं? एकदाच सांग."

"सुट्टी देईना गेलेत, नाना."

"मग पोपटला देतो."

तिथंच वाचनाला बसलेल्या पोपटनं फोन घेतला. "दादा, लेकीला सासरी वाटं लावताना तू जे बोलतूस ते वहीत न्हाई. सांग की."

वहीत कसं असंल? माझ्या बहिणीला वाटं लावताना आमचा बाप जे बोलला, तेच मी स्टेजवर बोलायचो. बाप आता न्हाई.

गोदामाच्या दारात उभा राहून सांगितलं, "माय, आठवण आली तर रडू नको, निरोप धाड. मी चालत येईन."

पोपटनं म्हणून दाखवलं. "लई भारी म्हणलास," एवढंच बोलून मी फोन ठेवला.

आई दरवर्षी पुढंच बसती. ह्या वाक्याला पदर डोळ्याला लावती. यंदा पोपटच्या तोंडून ऐकंल. तिला आधी सांगून ठेवू, का तसंच ऐकू देऊ? तुमी काय केलं असतं?