पाटी उतरली त्या दिवशी

देवीवर माझी श्रद्धा होती, पण त्या नवरात्रात मी तिच्याशी रोज भांडत होते. सत्तरच्या दशकाच्या शेवटची ही गोष्ट. माझी धाकटी बहीण कमल कित्येक महिने कुणाशी बोलली नव्हती. गोळ्यांनी ती थोडी शांत झाली होती, इतकंच. दसरा झाला की तिला वेड्यांच्या इस्पितळात ठेवायचं, असं वडिलांनी ठरवलं होतं. तिच्यासारख्यांना मोकळेपणी येऊन बसता यावं म्हणून मी पंचवटीत देवळाशेजारची एक खोली मागून घेतली होती. दारावर ‘मानसिक आरोग्य केंद्र’ अशी ठसठशीत पाटी लावली. मला वाटलं, जितकी मोठी अक्षरं तितकी जास्त माणसं. मनोविकारांचे एक डॉक्टर दर शनिवारी फुकट येत. पण त्या पाटीखालून पोरीला आत शिरताना कुणी पाहिलं, तर तिचं लग्न कसं जमणार, ही धास्ती घरोघर होती. चिटपाखरू फिरकलं नाही. शेवटी देवळाच्या पंचांनी खोली परत मागितली.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, शनिवारीच, मी कमलला घेऊन खोली आवरायला गेले. सप्तशृंगीच्या तसबिरीपुढे हात जोडले आणि तणतणले, “आता तूच बघ. माझ्यानं होत नाही.” वळते तर दारात डोक्यावर झेंडूचं गाठोडं घेतलेली एक बाई.

“ताई, बाजारात पाय ठेवायला जागा नाय. हितं बसून माळा ओवू का?”

मी हो म्हटलं. ती मखमलाबादची हिराबाई, मळ्यातली फुलं विकायला आलेली. माळा टांगायला तिला खिळा हवा होता. तिनं सरळ पाटीच काढली, भिंतीला उलटी टेकवली आणि खिळा मोकळा केला. मग सुई-दोरा कमलपुढे धरला. “पोरी, एवढं ओवून दे. मला दिसत नाय.” मी श्वास रोखून बघत राहिले. कमलनं दोरा ओवला. मग एक फूल ओवलं. मग दुसरं!

झेंडूचा ढीग बघून गल्लीतल्या बायका भाव विचारायला आल्या आणि दसऱ्याची तोरणं इथंच करू म्हणत फतकल मारून बसल्या. हातांबरोबर तोंडंही सुरू झाली. त्या कलकलाटात माझं मन नुसतं थुईथुई नाचत होतं. शेजारची एक सून देठ खुडता खुडता म्हणाली, “बाळंतपणापासून मला झोपच नाही. सारखं रडू येतं.” कुणी हसलं नाही. इतक्यात डॉक्टर आले. चपला काढून तेही फुलांच्या पसाऱ्यात बसले. आणि माझ्या शेजारून आवाज आला, “डॉक्टर, यांना झोप येत नाही. मलाही येत नव्हती.” कमल बोलली होती. मी तोंडात पदर कोंबून रडले.

संध्याकाळी वडील कमलला घरी न्यायला आले. “बाबा, थोडं थांबा. एवढी माळ राहिलीये,” ती म्हणाली. वडील पायरीवर बसून राहिले. इस्पितळाचं नाव घरात पुन्हा निघालं नाही. खोलीतली गजबज बघून पंचांनीही तगादा सोडला.

लोक विचारतात, ती देवीच होती का? मला ठाऊक नाही. हिराबाई पुढे कित्येक वर्षं शनिवारी येत राहिली आणि चहाला उशीर झाला की रागावत राहिली. पाटी मात्र आम्ही परत लावली नाही. बायका घरी सांगत, माळा ओवायला जाते. कमलची औषधं चालूच होती, वाईट दिवसही आले. पण देवीला मी आता हुकूम सोडत नाही. हात जोडते आणि दारात जे येईल त्याला जागा करून देते. तिचे उपकार मी कसे फेडू? ऐंशी सालानंतर दिंडोरीला आमचं दुसरं केंद्र निघालं. पहिल्याच दिवशी एक बाई दाराशी घुटमळत होती. मी उठणार तोच कमल पुढे झाली आणि तिचा हात धरून म्हणाली, “या, माझ्याजवळ बसा.”