एका ताऱ्याचा रुसवा

गेनबातात्यांनी आपल्या लॉन्सला हयात बायकोचं नाव दिलं, तेव्हा वाघोलीत त्याची बरीच चर्चा झाली. नाव द्यायचं ते देवाचं, नाहीतर वारलेल्या माणसाचं, असा सगळीकडचा रिवाज. पण नगर रस्त्याला 'सोजराई लॉन्स' असा बोर्ड लागला आणि खुद्द सोजरबाई कितीतरी दिवस त्या बोर्डाखालून मान खाली घालून जात राहिल्या. "फोटोला हार घालायचा तेवढा राहिलाय माझ्या," असं त्या येईल त्याला सांगत.

त्या जागेत पूर्वी कांदा व्हायचा. कांद्याच्या जागी हिरवळ आली, हिरवळीवर लग्नं लागू लागली आणि तात्यांच्या हातात माईक आला. लग्न कुणाचंही असो, अक्षता पडायच्या आधी माईक तात्यांचा. आलेल्या पाहुण्याचं नाव, गाव आणि हुद्दा न चुकता घ्यायचा आणि टोपी, टॉवेल, नारळ देऊन त्याचा सत्कार करायचा. ज्याचं नाव तात्यांनी माईकवरून घेतलं, त्याला आपल्या पोरीचं लग्न दुसऱ्या लॉन्सवर न्यायची लाज वाटे. तात्यांची जाहिरात ती एवढीच, आणि ती उत्तम चालली होती. पुढे गाव महापालिकेत गेलं, सरपंचापासून सदस्यांपर्यंत सगळे एका दिवसात माजी झाले, तेव्हा तर माईकवरून घेतलेलं नाव एवढाच त्यांचा मान उरला. तात्या तो मान जरा सढळ हातानेच वाटू लागले.

पण वाघोलीत आता बाहेरची माणसं भरली होती. ती तात्यांना ओळखत नव्हती आणि त्यांच्या मुलामुली लॉन्स शोधत होत्या मोबाइलवर. दोन हंगाम तात्यांच्या निम्म्याहून जास्त तारखा मोकळ्या गेल्या. त्यांचा मुलगा विश्वजीत सरळ हिशेबाचा माणूस. घरपोच माल पाठवणाऱ्या एका कंपनीला गोदामासाठी जागा हवी होती, त्यांच्याशी तो बोलूनही आला. तात्यांनी जेवण सोडायची धमकी दिली आणि ती खरी करायची वेळ आली तेव्हा सोजरबाई मध्ये पडल्या. शेवटी ठरलं ते असं: तुळशीची लग्नं होऊन हंगामातलं पहिलं लग्न लागेल, त्या दिवशी निम्म्या तारखा भरलेल्या असतील तर लॉन्स राहील. नाहीतर हिरवळीवर पत्रे चढतील.

या कामाला सूनबाई तेजस्विनी पुढे झाली. वाघोलीच्याच कॉलेजात ती मार्केटिंग शिकली होती आणि शिकलेलं वापरायला घरात कुणी देत नव्हतं. तिने वेबसाइटचा आराखडा तात्यांपुढे ठेवला. पहिल्या पानावर हिरवळीचा एक फोटो, भाडं स्पष्ट लिहिलेलं, मोकळ्या तारखा आणि फोन लावायचं बटण.

"आन भावकी?" तात्यांनी विचारलं.

"भावकी कशाला तिथं, तात्या?"

"पत्रिकेत नाव राहिलं तर मानूस जन्मभर बोलत न्हाय. हे तर साऱ्या जगाला दिसनार. नाव सोडून चालंल व्हय?"

मग भावकी आली. सगळ्यात वर तात्यांचे चुलतभाऊ रंगराव, हात जोडलेले, काळा गॉगल लावलेले. त्यांच्याखाली वयाच्या आणि पदाच्या क्रमाने बाकीचे माजी. वेबसाइटचं रीतसर उद्घाटन झालं, लॅपटॉपला हार घातला, नारळ फोडला आणि त्याचं पाणी लॅपटॉपमध्ये गेलं. लॅपटॉप पुढे पंधरा दिवस दुरुस्तीला होता, पण उद्घाटनाची छायाचित्रं फार चांगली आली होती.

महिन्याभराने तेजस्विनीने आकडे दाखवले. "माणसं येतात, तात्या. पण पान उघडायला इतका वेळ लागतो की रंगरावकाकांचा गॉगल दिसेपर्यंत निघून जातात."

तात्यांचा चेहरा उतरला. "च्या न घेता?"

"इंटरनेटवर चहा नसतो."

"म्हनूनच जात्यात," तात्या म्हणाले. आपल्या दारात आलेला माणूस पाणीसुद्धा न पिता परत जातो, हे त्यांना खरोखरच लागलं होतं.

त्यातच तो एक तारा आला. लॉन्सच्या नावापुढे लोक तारे देतात, पाच दिले की खूश, एक दिला की नाराज, एवढं तात्यांना माहीत झालं होतं. कोथरूडच्या कुणा सलिलने मित्राच्या लग्नाला येऊन एक तारा दिला होता आणि खाली बरंच लिहिलं होतं. तेजस्विनीने ते वाचलं, सासऱ्यांकडे पाहिलं आणि "व्यवस्थापन आवडलं नाही म्हणतात," एवढंच सांगितलं. नवीन येणारा माणूस सगळ्यात आधी हेच वाचतो, त्यामुळे खाली नम्रपणे उत्तर लिहू या, असं तिचं म्हणणं पडलं.

"रुसलेल्या मानसाला लिहून उत्तर देत्यात?" तात्या म्हणाले. "घरी जावं लागतं."

रुसवा काढण्यात तात्यांचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नव्हता. मानाची साडी हलकी निघाली म्हणून मांडवातून उठून गेलेली वरमाय असो की बुलेटसाठी अडून बसलेला जावई, तात्या चार वजनदार माणसं घेऊन जात आणि त्याला हसवून परत आणत. ज्याच्या लग्नाला सलिल आला होता, त्या नवऱ्या मुलाच्या वडिलांकडून त्यांनी त्याचा पत्ता मिळवला. दुसऱ्या दिवशी पांढरे कपडे आणि फेटे घातलेले चौघे जण मोठ्या काळ्या गाडीतून कोथरूडला निघाले. सोसायटीच्या दारात वहीत कामाचं स्वरूप लिहायचं होतं. रंगरावांनी 'रुसवा काढणे' असं लिहिलं आणि राखणदाराने त्यांना लिफ्ट दाखवली.

बेल दोनदा वाजली. दार साखळीपुरतं उघडलं आणि फटीत सलिलचे वडील आनंद दिसले, बँकेतून निवृत्त झालेले.

"एकदा वाजवली तरी ऐकू येते," ते म्हणाले. "वर्गणी आम्ही देत नाही."

"वर्गनी न्हाय साहेब. सलिलराव हायेत का? त्यांनी आमाला तारा दिलाय."

आतून सलिलने चार फेटे पाहिले आणि त्याचा रंग उडाला. ऑफिसचं काम तो घरूनच करत होता, वर शर्ट आणि खाली अर्धी चड्डी, आणि समोरच्या लॅपटॉपवर मीटिंग चालू होती. "काका, मी काढून टाकतो ते, आत्ता काढतो," असं तो म्हणेपर्यंत आनंदरावांनी कुतूहलापोटी साखळी सोडली होती. तात्या आत आले. त्यांनी सलिलच्या डोक्यावर टोपी ठेवली, खांद्यावर टॉवेल टाकला, हातात नारळ दिला आणि रंगरावांनी टाळ्या वाजवल्या. लॅपटॉपमधूनही दोघातिघांनी वाजवल्या.

"आता सांगा," तात्या हात जोडून म्हणाले. "आमचं काय चुकलं?"

सलिल नारळ ठेवायला जागा शोधू लागला. मग आनंदरावांनी त्याचा फोन घेतला, चष्मा कपाळावर सारला आणि विजेचं बिल वाचावं तसं वाचायला सुरुवात केली. "'लॉन उत्तम. जेवण उत्तम. मुहूर्त बारा एकतीसचा, लग्न लागलं सव्वादोनला. मधल्या वेळात एक गृहस्थ माईकवरून सत्कार करत होते. नवरीला चक्कर आली, तेव्हा तिला पाणी देणाऱ्याचाही सत्कार करण्यात आला.'" त्यांनी फोन खाली ठेवला. "हे गृहस्थ कोण, कळू शकेल का?"

"हेच की," रंगराव अभिमानाने म्हणाले.

तात्यांनी जोडलेले हात हळूच सोडले. आनंदरावांनाही बहुधा वाईट वाटलं असावं, कारण त्यांनी चहा विचारला. कोथरूडात भर दुपारी अनोळखी चौघांना चहा विचारला जाणं ही काही साधी गोष्ट नव्हे, पण तात्यांना आता चहा नको होता.

"शिकलेली मान्सं, त्यास्नी मान कळत न्हाय," रंगराव लिफ्टमध्ये म्हणाले. तात्यांनी मान हलवली नाही.

घरी आल्यावर त्यांनी सुनेला हाक मारली. "तू वाचलं व्हतंस?"

"हो."

"मग बोलली का न्हाईस?"

"कसं बोलू, तात्या?" तेजस्विनी म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले.

तात्या दोन दिवस घुम्यासारखे बसून होते. त्यांना राग आला होता आणि तो कुणावर काढावा ते समजत नव्हतं. ज्या गोष्टीमुळे लोक आपल्याकडे येतात असं ते आयुष्यभर समजत आले, तिच्यामुळेच लोक जात होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी तेजस्विनीला बाकीच्या लॉन्सच्या वेबसाइट दाखवायला सांगितल्या. सगळीकडे भव्य, प्रशस्त आणि निसर्गरम्य. त्यातल्या एका निसर्गरम्य लॉन्सच्या मागे विजेचा डीपी आणि बोअरवेलचं दुकान आहे, हे तात्यांना ठाऊक होतं.

"समदी येकच बोलत्यात. मग आपन काय बोलायचं?"

"लोक काय विचारतात ते बघा." तिने आलेले मेसेज दाखवले. गाड्या किती मावतात, मांसाहार चालतो का, आणि पुन्हा पुन्हा, निरनिराळ्या शब्दांत, एकच प्रश्न: लग्न वेळेवर लागतं का हो? "याचं उत्तर कुणीच देत नाही, तात्या. ज्याने दिलं, त्याच्याकडे लोक येतील."

तात्यांनी फोन तिच्याकडे सरकवला. "लिव मग," ते म्हणाले. "पर माझ्यासमोर लिव, न्हाईतर मी उद्या फिरंन."

तिने लिहिलं: 'इथे लग्न मुहूर्तावर लागतं. माईकवरून सत्कार होत नाहीत.' भावकी उतरवली, गॉगलसकट. पान आता चुटकीसरशी उघडू लागलं. सलिलच्या रिव्ह्यूखाली तात्यांनी तिच्याकडून एवढंच लिहून घेतलं की ते गृहस्थ मी, चूक माझी, यापुढे होणार नाही, गेनबा.

भावकीत भूकंप झाला. रंगराव तरातरा आले. "नाव घ्यायचं न्हाय, मग आमी येऊन करायचं काय, नुसतं जेवायचं?"

"व्हय," तात्या म्हणाले, आणि रंगराव त्यांच्याशी बोलेनासे झाले. जगाचे रुसवे काढणाऱ्या माणसाला स्वतःच्या चुलतभावाचा रुसवा काही काढता आला नाही.

इकडे ते उत्तर आनंदरावांनी वाचलं. त्यांनी ते सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं आणि वर लिहिलं, 'चूक मान्य करणारे कार्यालयवाले. पाहून ठेवा.' एवढी स्तुती त्यांनी स्वतःच्या मुलाचीही कधी केली नव्हती. शिवाय त्यांच्या पुतणीचं, हेमाचं, लग्न ठरत होतं, ते त्यांनी सोजराईला नेलं, हंगामाच्या पहिल्याच तारखेला. कोथरूडहून फोन येऊ लागले. पण लोक पुण्याचे. तारीख लिहून घ्या, आगाऊ रक्कम मात्र ते पहिलं लग्न कसं लागतं ते बघून देऊ, असं प्रत्येकाचं म्हणणं. म्हणजे सगळं येऊन अडलं हेमाच्या लग्नावर.

त्या दिवशी कोथरूडची मंडळी हातातल्या घड्याळाकडे बघतच आत आली. याही लग्नाचा मुहूर्त बारा एकतीसचाच. त्याला पाच मिनिटं उरली आणि दारात मोटारी थांबल्या. मुलाकडचे कुणी माजी सभापती, बरोबर पंधरावीस माणसं. ते मांडवाच्या तोंडाशी येऊन उभे राहिले आणि नाव पुकारलं जायची वाट बघू लागले. गुरुजी थबकले. मांडवभर माना वळल्या. विश्वजीतने फोन हातात धरला होता, गोदामवाले त्या दिवशी उत्तर मागणार होते.

तात्यांचा हात आपोआप उठला. सभापतींचं नाव, गाव, हुद्दा, दोन्ही मुलांची शिक्षणं, सगळं त्यांच्या जिभेवर तयार होतं. ते माईकपाशी गेले, त्याचं बटण दाबून तो बंद केला आणि तसेच चालत सभापतींपाशी येऊन त्यांनी त्यांचा हात हातात घेतला. "साहेब, पहिली पंगत तुमची. गरम जिलेबी हाय," असं म्हणत त्यांनी त्यांना थेट पानावर नेऊन बसवलं. सभापतींना भूक लागलेली होती, त्यामुळे ते काही बोलले नाहीत.

बारा एकतीसला अंतरपाट दूर झाला. अक्षता पडल्या, वाजंत्री सुरू झाली. आनंदरावांनी घड्याळ पाहिलं आणि शेजाऱ्याला म्हणाले, "बरोबर आहे." तेवढ्यावर तिथल्या तिथे चार घरांनी आगाऊ रक्कम पाठवली आणि निम्म्या तारखा भरल्या. विश्वजीतने फोन कानाला लावला आणि जागा द्यायची नाही असं सांगून टाकलं.

तात्या मांडवाच्या मागच्या खांबाशी उभे होते. त्यांच्या लॉन्सवर इतकी लग्नं लागली, पण एकही लागताना त्यांनी नीट पाहिलं नव्हतं. लग्न लागायच्या वेळी ते कायम पुढच्या पाहुण्याचं नाव शोधत असायचे. नवरी हसते कशी, बाप डोळे कुठे पुसतो, हे त्यांना आजच दिसलं आणि त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.

सोजरबाई शेजारी येऊन उभ्या राहिल्या. "चटकन लागलं," त्या म्हणाल्या.

"आपलं कसं लागलं व्हतं गं?"

"तुमास्नी कुठलं ठावं असनार. तुमच्या मामांचा सत्कार ऱ्हायला म्हनून ते रुसून गेल्ते, तुमी त्यास्नी आनायला गेलासा. मी तशीच पाटावर उभी. उनं उतरली, पाय सुजलं, पर नवरीनं बसू नये म्हनत्यात."

तात्यांनी तिच्याकडे पाहिलं. इतकी वर्षं तिने हे एकदाही काढलं नव्हतं. त्यांनी पलीकडची एक खुर्ची ओढली, उपरण्याने पुसली आणि तिच्यापुढे ठेवली.

"बस," ते म्हणाले.