एका मुलाखतीतली म्हैस

वाहिनीवर शोधपत्रकार म्हणून मिरवायला लागलो, त्याआधीच माझा मार खाऊन झाला होता. शिवऱ्याजवळ हायवेवर वाळूचे ट्रक चित्रित करताना कानशिलात अशी बसली की तो कान अजून वाजतो. त्याचं मला काही वाटत नाही. स्वतःच्या अंगावरचा मार चारचौघांत रंगवून सांगता येतो.

वेल्ह्याच्या वरच्या अंगाला एका वाडीलगत चोरून सुरुंग लावून डोंगर फोडत होते. दगड घरांवर येत होते, एका बाईचा पाय चिरडला होता. खाणवाल्याच्या भीतीनं सगळे मूग गिळून बसलेले. एक म्हातारे शेतकरी तेवढे बोलायला तयार झाले.

"पर माजं तोंड दिसता कामा नये," ते म्हणाले. "ती मानसं जित्तं सोडायची न्हाईत."

"बाबा, तुमच्या बायकोलासुद्धा ओळखू येणार नाही," मी छातीठोकपणे सांगितलं.

त्यांना गोठ्यात बसवून मुलाखत घेतली. ऑफिसात चेहरा धूसर केला, आवाज बदलला, मनगटावरचं गोंदणही पुसलं. मागं म्हैस उभी होती, एक शिंग वर आणि एक गालापाशी वळलेलं. आम्हा शहाण्यांना म्हैस म्हणजे म्हैस. ती कुणाची, हे त्या खोऱ्यात शेंबडं पोरही सांगतं.

बातमी दुपारी लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी चौघं आले. त्यांनी आधी कुऱ्हाडीनं म्हशीचे मागचे पाय तोडले, मग पहारीनं बाबांचे दोन्ही हात मोडले. मी पोचलो तेव्हा बाबांना भोरच्या दवाखान्यात नेलं होतं. म्हैस जिवंत होती, पुढच्या पायांवर उठायला बघत होती. कॅमेरामननं कॅमेरा खाली ठेवला. मी त्याच्यावर खेकसलो, "घे! सगळं घे!" त्या शब्दांची मला आजही लाज वाटते.

बाबांची बायको दारात उभी होती. "त्येंचं तोंड झाकलंत," ती म्हणाली, "मंग म्हशीचं का न्हाई झाकलं?"

दवाखान्यात बाबांचे दोन्ही हात प्लास्टरमध्ये होते, ओठ फाटलेला. "आता झाकू नगा," ते म्हणाले. "म्या नावं घेतो. समद्या जगाला कळू दे." त्यांनी चौघांची आणि खाणवाल्याची नावं कॅमेऱ्यासमोर सावकाश, एकेक करून घेतली.

वाहिनीच्या वकिलांनी नावं काढायला लावली. खटला अंगावर येईल म्हणे. मी तासभर भांडलो, टेबलावर मूठ आपटली, राजीनामा देतो म्हणालो. दिला नाही.

बातमीत बाबांचा सुजलेला चेहरा अगदी स्वच्छ दिसला. प्रत्येक नावाच्या जागी 'टूं' वाजलं. थोड्या वेळानं त्यांच्या बायकोचा दवाखान्यातून फोन आला.

"भाऊ, ह्ये इचारत्यात, नावं का ऐकू आली न्हाईत? हितल्या टीव्हीचा आवाज बिघडलाय का?"

"असेल," मी म्हणालो.