एकोणसत्तर

रुग्णालयाच्या लाँड्रीत काम करणाऱ्या सगळ्याच बायकांना वरच्या मजल्यांवरचे लोक मावशी म्हणत. अक्का मात्र एकच होती. ती तिथली प्रमुख.

लाँड्री तळघरात होती. खिडकी एकही नाही. एका दारानं मळके कपडे आत यायचे, दुसऱ्या दारानं धुतलेले बाहेर जायचे, आणि मळक्या दारानं आत शिरलेल्या माणसाला त्याच दारानं परत जाता येत नसे. अंघोळ करून, कपडे बदलून, पलीकडूनच बाहेर पडायचं. नव्या बायका पहिल्या दिवशी चुकून मागे वळत आणि अक्का हाक मारी, "अगं, तिकडून रस्ता नाही!" हे वाक्य तिनं अकरा वर्षांत किती वेळा म्हटलं असेल याची मोजदाद नव्हती.

अकरा वर्षांपूर्वी नोकरीचा अर्ज भरायला तिचा दीर बसला होता. शिक्षणाच्या रकान्यापाशी त्यानं पेन थांबवलं. "वहिनी, काहीच लिहिलं नाही तर हातात झाडू देतील. सातवी लिहिलं तर मशीनवर घेतील." तिनं मान हलवली. शाळेचं दार तिनं पाहिलं होतं ते भावाला सोडायला जाताना, तेही बाहेरून. पण कागदावर ती सातवी पास झाली, आणि पुढे वयानं आणि नोकरीनं सगळ्यांत मोठी ठरल्यावर आपसूक प्रमुखही झाली. प्रमुखाच्या टेबलावर रजिस्टर असे. नोकरीच्या पाच वर्षांनंतर तेही तिच्याकडे आलं.

तिनं आपल्या युक्त्या शोधल्या. चष्मा कायम घरी राहिलेला असे. नोटीस आली की ती बारकीला पुढे करी, "वाच गं मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाऊ दे." बारकी नावालाच बारकी, अंगानं अशी की भरलेली ट्रॉली एका हातानं वळवी. पस्तिशीची, दोन मुलांची आई, आठवी शिकलेली आणि तोंडानं तिखट. चादरी अक्का विसांच्या गठ्ठ्यांनी मोजी. चार वीस आणि सात, नऊ वीस आणि तीन. त्यात ती कधी चुकली नाही. सही तिला नवऱ्यानं शिकवली होती, एखादी नक्षी शिकवावी तशी. कुठून सुरू करायचं, कुठे वळायचं, शेपटी कुठे सोडायची.

आणि रजिस्टर? ते तर सोपंच निघालं. रुग्णांच्या कपड्यांचं पाणी सत्तर अंशांच्या खाली जाऊ द्यायचं नाही, हा नियम. खाली गेलं तर कपड्यांचा तो घाणा पुन्हा लावायचा. बारकी मशीनपाशी उभी राहून आकडा ओरडे, "चौऱ्याहत्तर!", आणि अक्का टेबलाशी बसून वरच्या ओळीतला आकडा खाली उतरवी, हुबेहूब. मशीन चांगलं होतं. वरचा आकडा आणि खालचा आकडा यांत फरक पडायचाच कितीसा? दर शनिवारी लाँड्रीचे साहेब येत, पान न बघता खाली सही ठोकत आणि म्हणत, "अक्का, तुमचं रजिस्टर म्हणजे आरसा." अक्का हसे. ते हसू संपलं की जबडा दुखे.

मग तो वर्ग सुरू झाला. ज्या कामगारांना लिहिता-वाचता, हिशेब करता येत नाही त्यांच्यासाठी, सोमवार-बुधवार-शुक्रवार, दुपारी तीन ते साडेचार, उपाहारगृहाशेजारच्या खोलीत, कामाच्याच वेळात. साहेबांनी अक्काला बोलावून घेतलं. "तुमच्यातल्या कोणाकोणाला येत नाही? नावं सांगा, मी लिहून घेतो."

अक्कानं पाच नावं सांगितली. सहावं ओठांपर्यंत आलं आणि तिथेच बसून राहिलं.

"आणि तुम्हीही रोज जाऊन बसत जा," साहेब म्हणाले. "देखरेखीला. नाहीतर या बायका दांड्या मारतील."

अशी अक्का वर्गात पोचली, आणि शिकायला न आलेली अशी त्या खोलीत एकटी तीच ठरली. ती मागच्या बाकावर बसे. शिकवणाऱ्या मास्तरीणबाई शाळेतून निवृत्त झालेल्या. आवाज मऊ, पण फळ्यावर खडू असा आपटत की वाक्य संपल्याचं सगळ्यांना कळे. पहिल्याच दिवशी इस्त्रीवाली म्हणाली, "बाई, आमची डोकी आता कडक झाली, यात काय शिरणार?"

"कडक कापडालाच घडी चांगली बसते," बाई म्हणाल्या. "तुम्हाला मी सांगायला हवं का?"

सगळ्या हसल्या. अक्काही हसली, पण तिला हसण्यातही सावध राहावं लागे. बायका चुकत, एकमेकींच्या वहीत डोकावत, 'ढ' काढून 'ही मीच' म्हणत खिदळत. चुकायची मोकळीक त्यांना होती. अक्काजवळ वही नव्हती. ती टेबलाखाली मांडीवर बोटानं अक्षरं गिरवी. खाली लाँड्रीत मशीनच्या गोल काचेवर वाफ धरली की ती त्यावर एक अक्षर काढी आणि कोणी वळायच्या आत कोपरानं पुसून टाकी.

एकदा बाई म्हणाल्या, "अक्का, मी फळा पुसते तोवर यांच्या वह्या तपासता का जरा?"

तिच्या कानात वाफेची शिट्टी वाजली. "नको बाई. मी तपासल्या तर दहशत बसेल बिचाऱ्यांना. खाली माझीच दहशत, वर पण माझीच?"

"ऐका! स्वतःच कबूल केलं," इस्त्रीवाली म्हणाली आणि वेळ निभावली.

घरी नवऱ्यापासून मात्र काही लपलेलं नव्हतं. एका संध्याकाळी भाजी निवडताना तिच्या बोटाची मांडीवर चाललेली हालचाल बघून तो म्हणाला, "काय चाललंय? खाज सुटलीय का?"

"पाच काढतेय."

तो तिच्याशेजारी येऊन बसला. मग म्हणाला, "पाचाचं पोट पुढे असतं. माझ्यासारखं."

दोन महिन्यांत तिला शंभरापर्यंतची चिन्हं ओळखू येऊ लागली. म्हणजे दहा, वीस, तीस असे टप्पे पक्के, आणि एक ते नऊ पक्के. मधले आकडे ती जुळवून घेई. एका मंगळवारी बारकी मशीनपाशी ओरडली, "एकोणसत्तर!"

अक्काचं पेन सवयीनं वरच्या ओळीकडे गेलं, आणि थांबलं. एकोणसत्तर. तिनं शब्द तोंडात फिरवला. त्यात सत्तर होतं. त्यात एक होता. सत्तर आणि एक. तिनं आधी सातचा आकडा काढला, मग त्याच्याशेजारी एक. ७१. वरच्या ओळीत काहीतरी दुसरंच होतं. रजिस्टरच्या सहा वर्षांत पहिल्यांदा तिनं ऐकलेलं लिहिलं होतं.

"चालेल का अक्का?" बारकी ओरडली. "परत लावू?"

सत्तरच्या वर एक, मग परत कशाला? अक्कानं हात हलवला. पुढे चल. आनंदानं तिचे कान गरम झाले होते. बारकीनं खांदे उडवले आणि दार उघडलं. प्रमुख चालेल म्हणते तर चालेल.

आठ दिवस मशीन एकोणसत्तरवर अडकलं होतं, आणि आठ दिवस अक्का मन लावून ७१ लिहीत होती.

नवव्या दिवशी वरच्या एका वॉर्डातून तक्रार आली. तीन रुग्णांच्या अंगावर पुरळ उठलं होतं. कारण चादरी की औषध, ते कोणालाच नक्की सांगता येईना, पण चौकशी लागली. मशीनचा मिस्त्री आला. मशीन स्वतःही आकडे साठवून ठेवतं हे त्या दिवशी सगळ्यांना कळलं. त्यानं लांबलचक कागद काढून साहेबांपुढे धरला. मशीन म्हणत होतं ६९, रजिस्टर म्हणत होतं ७१.

"आकडा कोण सांगतं?" साहेबांनी विचारलं.

"मी," बारकी म्हणाली. "आणि मी एकोणसत्तरच सांगितलं."

"मी तेच लिहिलं," अक्का म्हणाली. तिला तसंच वाटत होतं.

साहेबांनी एकीकडे बघितलं, दुसरीकडे बघितलं. एक आरसा होती, दुसरी तोंडाळ. "घाणा परत लावायचा कंटाळा, म्हणून दोन आकडे वाढवून सांगितलेस. दुसरं काय?" ते बारकीला म्हणाले. "घरी जा. सोमवारी निर्णय कळवतो."

बारकी अक्काकडे वळली. "अक्का, सांगा की! मी विचारलं होतं ना, परत लावू का म्हणून?"

अक्काला खरंच काही कळत नव्हतं. ती मशीनच्या त्या कागदाकडे बघत राहिली. बारकी मळक्या दाराकडे निघाली, तिथे रस्ता नाही हे आठवून वळली, आणि सगळ्यांच्या मधून अंघोळीच्या बाजूनं निघून गेली.

शुक्रवारी वर्गात बाईंनी फळ्यावर १९, २९, ३९ असे आकडे एकाखाली एक मांडले. "इथे सगळे फसतात," त्या म्हणाल्या. "एकोणीस, एकोणतीस. एकोण म्हणजे एक उणा. तीसला एक कमी, ते एकोणतीस. पुढच्या घराचं नाव घ्यायचं, पण उंबऱ्याच्या अलीकडेच उभं राहायचं." खडू खाली उतरत गेला. ४९, ५९, ६९. "आणि हे, सत्तरला एक कमी. म्हणा."

"एकोणसत्तर," पाच जणी म्हणाल्या.

मागच्या बाकावर अक्काचं बोट मांडीवर थांबलं. सत्तरला एक कमी. खोलीचं दार उघडं होतं, पंखा फिरत होता, तरी तिला वाटलं की कोणीतरी आपल्याला मशीनमध्ये घालून गोल काच लावून घेतली आहे. बाहेरचे सगळे दिसताहेत, आवाज मात्र जात नाही.

वर्ग सुटल्यावर ती सरळ साहेबांच्या खोलीत गेली.

"चूक माझी आहे साहेब. बारकीनं बरोबर सांगितलं, मी चुकीचं लिहिलं. मला लिहिता-वाचता येत नाही."

साहेबांनी तिला खुर्ची दिली. मग हसले. "अक्का, तुम्ही तिला पाठीशी घालताय. मोठं मन आहे तुमचं. पण असं खोटं बोलू नये."

"खोटं नाही हो."

"अकरा वर्षं नोकरी, त्यातली सहा रजिस्टर तुमच्या हाती! अर्जावर सातवी पास आहे." त्यांनी कोरा कागद पुढे सरकवला. "बरं, लिहा. एकोणपन्नास."

अक्कानं पेन उचललं. पन्नासला एक कमी. हे तिला अर्ध्या तासापूर्वी कळलं होतं, आणि आता ते न कळल्यासारखं करता येईना. मुद्दाम चुकायचं तर ते पुन्हा खोटंच. तिनं ४९ लिहिलं.

"झालं!" साहेब म्हणाले. "जा आता."

ती उठली नाही. "साहेब, टेबलावरचा कुठलाही कागद द्या. मी वाचते."

त्यांनी वरचं एक परिपत्रक दिलं. तिनं बोट पहिल्या अक्षराखाली ठेवलं. "स... सर... व. सर्व." घड्याळ टिकटिकत होतं. "क... क ला म... नाही... कर... कर्म..." तिच्या कपाळावर घाम आला. पुढे काना, जोडाक्षर, अनुस्वार सगळं एकत्र आलं आणि ती त्यात हरवली. मागे येऊन तिनं पुन्हा सुरुवात केली. साहेब आधी घाईनं बघत होते, मग हळू, मग त्यांनी नजर खिडकीकडे वळवली. 'सर्व कर्मचाऱ्यांनी' एवढं वाचायला तिला किती वेळ लागला कोण जाणे. तिसरा शब्द तिनं सुरू केला तेव्हा ते म्हणाले, "पुरे. पुरे अक्का."

त्यांनी रजिस्टर ओढून उघडलं. प्रत्येक पानाखाली त्यांची सही होती. ती ते एकामागून एक बघत गेले.

"हे कोणाकोणाला माहीत आहे?"

"नवऱ्याला आणि दिराला. आता तुम्हाला."

"मग इथेच राहू द्या." त्यांनी रजिस्टर मिटलं. "मशीनचा दोष होता, असं लिहितो. तेही खरंच आहे. बारकीला उद्याच बोलावून घ्या."

"आणि माझं? माझं नाव त्या वर्गात घाला ना, साहेब. मला वही घेऊन बसायचंय."

"वेड्या आहात का? प्रमुखाचं नाव त्या यादीत? वर विचारतील, सहा वर्षं सह्या कोण करत होतं. तुम्ही आपल्या देखरेखीलाच बसा. पहिल्यासारख्या."

म्हणजे बारकी सुटली, आणि अक्का होती तिथेच. फक्त किल्ली आता साहेबांच्याही खिशात होती.

दुसऱ्या दिवशी कपडे बदलायच्या खोलीत तिनं बारकीला गाठलं आणि सगळं सांगितलं. ऐकून बारकी आधी पाणी प्यायली.

"तीन दिवस माझी मुलं मला विचारताहेत, आई तू काय केलंस? आणि तुम्ही मला नोटिसा वाचायला लावायचात, मला वाटायचं तुम्ही माझा मान ठेवताय!"

"मानही ठेवत होते गं."

"राहू द्या." बारकीनं डोक्याला फडकं बांधलं. "लोकांना सांगणार का?"

"साहेब नको म्हणालेत."

"मी साहेबांना नाही, तुम्हाला विचारलं."

अक्का आपलं डोक्याचं फडकं शोधू लागली. बारकी आत गेली.

पहिला घाणा निघायची वेळ झाली. मशीन दुरुस्त झालं होतं. पाचही जणी आपापल्या जागी होत्या, इस्त्रीवाली रोलरला चादर लावत होती. अक्का टेबलाशी बसली आणि पेनाचं टोपण काढलं.

"त्र्याहत्तर!" बारकी ओरडली. मग इकडेतिकडे न बघता, तितक्याच मोठ्यानं म्हणाली, "आधी सात! मग तीन!"

इस्त्रीवालीचे हात थांबले. एकेक मान टेबलाकडे वळली. बारकीनं दया केली की सूड उगवला, हे अक्काला कळेना, आणि विचारायला बारकीचा तो आवाज जागा ठेवत नव्हता. तिनं सात काढला. मग तीन. चेहरे वळलेले होते तसेच होते. दुपारपर्यंत अजून नऊ घाणे निघायचे होते.