ग्लेंडाची पहिली बंदूक

माझी भावजय ग्लेंडा कोळ्यालाही कपात धरून बागेत सोडते. ती साठी ओलांडल्यावर बंदूक घ्यायला निघाली, तेव्हा मी तोंडावरच विचारलं, "अगं, तुझं डोकं ठिकाणावर आहे ना?"

"आहे," ती म्हणाली. "करडी आलीय, मार्ज. काल दाण्याच्या पेटीवर बसली होती."

मग मीही कोट चढवून तिच्याबरोबर निघाले. आमच्या हेझलक्ल्यूच्या खोऱ्यात तांबड्या खारी आमच्या, करड्या बाहेरून आलेल्या. करडीच्या अंगात एक रोग असतो. तिला स्वतःला त्याचं काही होत नाही, पण तांबडीला लागला की तोंडावर फोड येतात आणि बघता बघता रान ओकं पडतं. खालच्या रानात तेच झालं होतं. ग्लेंडाच्या घरामागे एखादा वाटचुकार नर सोडला तर एक मादी तेवढी उरली होती, फिकट शेपटीची, कानांवर केसांचे झुपके असलेली. ओढ्यापलीकडच्या उंच झाडात तिचं घरटं होतं. माझ्या भावानं, कीथनं, तिच्यासाठी दाण्याची पेटी ठोकली आणि त्याच वर्षी तो गेला. ग्लेंडा रोज सकाळी ती पेटी भरायची. त्या खारीला काही झालं असतं तर ही बाई उठून चूल पेटवायलाही कारण शोधत बसली असती.

कीथचा जन्म हरणांच्या मागे रानात गेला. त्याची मोठी बंदूक पोलीस घेऊन गेले, परवाना त्याच्या नावावर होता ना. बंदुकीवरची दुर्बीण मात्र घरी राहिली. जर्मन काच, पितळी कडा झिजलेल्या. ग्लेंडा ती उशाशी ठेवून झोपायची. मला ते जरा अतीच वाटायचं.

बाजारगावात नॉर्मनचं बंदुकांचं दुकान आहे; छर्ऱ्याच्या हवेच्या बंदुकीला आमच्याकडे परवाना लागत नाही. नॉर्मन ऐंशीचा, सगळ्या बायकांना पोरी म्हणतो. ग्लेंडानं आधी सगळ्यात दणकट बंदुकीला हात घातला. नळी बिजागरीतून वाकवून खाली दाबायची, म्हणजे आतली स्प्रिंग ताणली जाते. ती दाबता दाबता ग्लेंडा लालबुंद झाली.

"ही बंदूक आहे की गाडीचा जॅक?" मी म्हटलं.

नॉर्मन हसला. "जोराची हाव धरू नकोस, पोरी. खारीला जोर नाही लागत, नेम लागतो. जी तुला दहादा वाकवता येईल आणि अकराव्यांदाही हात थरथरणार नाही, ती तुझी." त्यानं एक हलकी, साधी, लाकडी दस्त्याची काढून दिली. ती ग्लेंडाच्या खांद्याला अशी बसली की तिनं दुसऱ्या बंदुकीकडे पाहिलंच नाही.

"आणि हिला आवळून धरायचं नाही बरं का. स्प्रिंग सुटली की ही आधी मागे उडी मारते, मग पुढे. नुसती तळहातावर ठेव, हलू दे हवी तेवढी. आवळलीस की छर्रा भलतीकडेच."

मग ग्लेंडानं पिशवीतून कीथची दुर्बीण काढली. नॉर्मनचा चेहरा पडला. "ही नको गं. ही मोठ्या बंदुकीची. मागचा धक्का सोसेल, पुढचा नाही सोसायची. आतून खिळखिळी होईल. शिवाय ही दूरचं बघणारी, पेटीवरचं सगळं धूसर दिसेल. ही घे, साधी आहे, पण दोन्हीकडचे धक्के खाते."

"मला हीच बसवून द्या," ग्लेंडा म्हणाली.

पालथ्या घड्यावर पाणी. नॉर्मननं मान हलवत बसवून दिली.

त्या शरद ऋतूत मी रोज दुपारी तिच्याकडे जायचे. लाकडाच्या खोपटात पोत्यावर बंदूक टेकवून ती बसलेली असायची. भूर्जांची पिवळी पानं एकेक करत ओढ्यात पडायची, आणि पाणी त्यांना घाई न करता घेऊन जायचं. दुर्बिणीतून जवळची झाडं वितळल्यासारखी दिसायची, उन्हात धूर मिसळावा तशी. "असंच बघायचा असेल ना तो," ती म्हणायची. कधी कधी ती छर्रा न भरताच बसून राही. चहा निवून जाई. मीही तिथे बसल्या बसल्या पेंगायचे, आणि अर्धवट झोपेत वाटायचं की कीथ आता शिट्टी वाजवत वरून उतरेल. खरं सांगते, ते दिवस मला आवडत होते.

पण नेमासाठी टांगलेल्या पत्र्यावरचे छर्रे हळूहळू डावीकडे सरकायला लागले. ग्लेंडाला वाटलं, आपला हात वाईट. ती आणखी सराव करत राहिली.

मग एका सकाळी करडी आली. मी खोपटातच होते. पेटीवर तो राखाडी गोळा बसलेला मला नुसत्या डोळ्यांनी दिसत होता. ग्लेंडानं श्वास सोडला, फट् असा आवाज झाला, आणि करडी उडी मारून पसार झाली. त्याच क्षणी पेटीच्या डाव्या बाजूनं, खोडामागून, तांबडं काहीतरी किंचाळत वर पळालं.

तांबडी तिथेच होती. मला ती दिसली नव्हती, आणि ग्लेंडाला त्या धुक्यात दिसणं शक्यच नव्हतं.

आम्ही पळत गेलो. पेटीच्या डाव्या कडेत छर्रा रुतला होता, आणि त्या भोकात तांबूस केस अडकले होते. ग्लेंडानं ते बोटांनी सोडवले आणि तिथेच खाली बसली. मी दुर्बिणीत डोकावले. आतली नेम धरायची काळी फुली तिरकी होऊन लोंबत होती.

"माझ्या भावाची वस्तू मोडलीस," असं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. तिच्याकडे पाहिलं आणि गिळलं.

"मी तिला मारलं असतं, मार्ज," ती म्हणाली. "त्याची दुर्बीण म्हणून धरून बसले, आणि त्याच्याच खारीला मारलं असतं."

दुसऱ्या दिवशी नॉर्मननं ती साधी दुर्बीण चढवून दिली. बोजड, काळी, कुरूप. पण पेटीची एकेक रेघ तिच्यातून स्वच्छ दिसायची. ग्लेंडानं दस्ता तळहातावर नुसता ठेवला. छर्रे एकाच भोकात जायला लागले.

चार-पाच दिवसांनी करडी परत आली. ग्लेंडा बराच वेळ बघत राहिली, खोडामागे, वर, खाली, सगळीकडे. मग तिनं एकच छर्रा मारला. करडी जागच्या जागी पडली. ग्लेंडानं तिला उचललं, उबदार होती, आणि दोन्ही हातांत धरून रडली. "हिचा तरी काय दोष," म्हणाली. मी खड्डा खणला.

तांबडी मात्र पेटीकडे फिरकेना. ग्लेंडा रोज दाणे भरायची, आणि रोज तेच दाणे भिजलेले काढायची. जेवण अर्धवट टाकून उठायची. नोव्हेंबर लागला.

मग एका दुपारी तिनं मला खिडकीशी बोलावलं. कीथची मोडकी दुर्बीण खिडकीच्या फळीवर होती. "नेम धरायच्या कामाची नाही राहिली," ती म्हणाली. "पण दूरचं अजून दिसतं. ओढ्यापलीकडे बघ. उंच झाड. मधल्या फांदीच्या वर."

मी डोळा लावला. तिरक्या फुलीच्या पलीकडे सगळं आरशासारखं लख्ख होतं. फांदीवर फिकट शेपूट. एका कानावर झुपका, दुसरा कान बोडका. आणि तिच्या मागे, एकामागून एक, दोन लहान तांबडी तोंडं.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि झाड, खारी, सगळंच डोलायला लागलं. मी दुर्बीण दोन्ही हातांनी आवळली, तर आणखीच हलायला लागलं.

ग्लेंडानं माझ्या मनगटाखाली हात दिला. "आवळू नकोस, मार्ज," ती म्हणाली. "नुसती ठेव."